ग्रॅमकाका

नव्या माणसाला भेटल्यावर लोक नाव विचारतात, गाव विचारतात, फारच जवळीक वाटली तर ब्लॉक भाड्याचा की मालकीचा हेही विचारतात. आमचे ग्रॅमकाका पिनकोड विचारतात. तुम्ही अडखळलात की तुमच्याविषयीचं त्यांचं मत तिथल्या तिथे पक्कं होतं. सहाही आकडे धडाधड म्हणून दाखवलेत, तर ते मान हलवतात आणि मग तुम्हाला बसायला खुर्ची मिळते.

आमची सोसायटी बदलापूर पूर्वेला, शिरगावात. इथली बहुतेक कुटुंबं गिरगाव, दादर, नाहीतर डोंबिवली सोडून, 'लांब पडतं, पण जागा मोठी मिळते' अशी स्वतःची समजूत घालत आलेली. मोठ्या जागेत एक कोपरा रिकामा उरतो आणि त्या रिकाम्या कोपऱ्यात हल्ली धंदा सुरू होतो. ए विंगमध्ये गौरीचे दागिने आणि मोत्याच्या नथी होतात. बी विंगमधली एक मुलगी क्रोशाच्या बाहुल्या विणून इन्स्टाग्रामवर टाकते. तळमजल्यावरच्या वहिनी उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून कुर्त्या आणतात आणि व्हॉट्सॲपवर विकतात. जून उजाडला की चौथ्या मजल्यावर जांभळाचं सरबत सुरू होतं. फोटो काढायला यातल्या कुणालाच शिकवावं लागत नाही आणि भाव सांगायची लाजही आता राहिलेली नाही. अडतं ते दोन ठिकाणी: माल जायचा कसा आणि पैसे यायचे कसे. याच दोन प्रश्नांवर ग्रॅमकाकांचं निवृत्त आयुष्य उभं आहे.

नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, स्टोअर्समध्ये झाली. त्यामुळे जगातल्या वस्तू दोन प्रकारच्या असतात, वजन केलेल्या आणि वजन करायच्या, ही त्यांची धारणा आहे. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेलरची मोजपट्टी. जेवणाच्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा कायमचा मांडलेला असतो आणि ताटं त्याच्या कडेकडेने लागतात. काकू म्हणतात, "आमच्या लग्नात असला काटा नव्हता म्हणून वाचले, नाहीतर होकाराआधी मलाही तोललं असतं." यावर काका हसत नाहीत. स्प्रिंगचा काटा पन्नास ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, एवढीच दुरुस्ती सुचवतात.

त्यांना ग्रॅमकाका हे नाव पडलं एका लग्नपत्रिकेवरून. सी विंगमधल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तिचे आईवडील घरी आले. काकांनी पत्रिका हातात घेतली, मजकुराकडे न बघता काट्यावर ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बावन्न." मुलीच्या वडिलांना वाटलं, हे माणसं मोजतायत. मग काकांनी समजावलं. 1 ऑक्टोबर 2025 पासून कागदपत्रांच्या स्पीड पोस्टाचे दर बदलले. परगावी पन्नास ग्रॅमपर्यंतचं पाकीट देशात कुठेही 47 रुपयांत जातं. पन्नासच्या वर एक ग्रॅम गेला की अंतराप्रमाणे 59 पासून 77 रुपयांपर्यंत आणि वर अठरा टक्के जीएसटी. "दोन ग्रॅमपायी तुम्ही दर पत्रिकेला निदान बारा रुपये सोडताय. गोंडा काढा." गोंडा काढला. काटा एक्कावन्नावर थांबला. आता काकांची नजर पत्रिकेवर चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या गणपतीवर गेली. त्यालाही सोडलं नसतं, पण काकू मध्ये पडल्या.

नव्या दरपत्रकाने काकांचं एक मोठं नुकसानही केलं. पूर्वी पन्नासच्या पुढचा टप्पा दोनशे ग्रॅमला संपायचा, आता तो अडीचशेपर्यंत जातो. म्हणजे एकशे नव्याण्णव ग्रॅमचं पाकीट बांधायची जी कला त्यांनी वर्षानुवर्षं कमावली होती, तिला काही अर्थच उरला नाही. पन्नास ग्रॅमची सूट मिळाली म्हणून बाकीचे खूश होते. काकांना मात्र कुणीतरी परीक्षा सोपी केल्यासारखं वाटलं.

हा माणूस मुळात विक्रेता. तिकिटं आणि पहिल्या दिवसाची पाकिटं गोळा करायचा नाद. ऑनलाइन विक्री नवी होती तेव्हा, स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून, त्यांनी बाझी डॉट कॉमवर पहिलं पाकीट विकलं. 2004 मध्ये ईबेने बाझी विकत घेतली, तसे काकाही ईबेवाले झाले. तिथे 'पैसापे' नावाची सोय होती. गिऱ्हाईक पैसे भरायचं, ते मधल्यामध्ये थांबायचे आणि माल पोचल्यावर विक्रेत्याच्या खात्यात उतरायचे. दोघांचा एकमेकांवर विश्वास नसला तरी व्यवहार व्हायचा, आणि याहून जास्त संस्कृती काकांना अपेक्षित नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये ईबेचं भारतातलं दुकान बंद झालं. पुढे 1 एप्रिल 2021 पासून पेपॅलनेही देशातल्या देशात पैसे घेणं-देणं थांबवलं. लोक पानपताची तारीख लक्षात ठेवतात. काकांना या दोन तारखा पाठ आहेत.

तिकिटवाल्यांची एक गंमत इथे सांगितली पाहिजे. त्यांना पाकिटावर मशीनचा छापील दर नको असतो, खरी तिकिटं हवी असतात. म्हणून काका शक्य तिथे छोट्या छोट्या किमतीची रंगीत तिकिटं पुरेशी होईपर्यंत लावत जातात. वर महात्मे, खाली पक्षी, कडेला आगगाडीची इंजिनं. पत्त्याला मध्ये काडेपेटीएवढी जागा उरते आणि त्या जागेत अंबरनाथच्या स्टोअर्समध्ये घोटलेल्या अक्षरात पत्ता बसतो. काउंटरवरचे कर्मचारी त्यांना ओळखतात. काका रांगेत दिसले की शिक्क्याला नवी शाई लागते.

पिनकोडाच्या बाबतीत तर ते भक्तच आहेत. 15 ऑगस्ट 1972 ला देशात पिनकोड आला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी, संस्कृतचे कवी आणि आपले मराठी गृहस्थ. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी कुणाचं तरी व्याख्यान ठेवतात, तेव्हा काका दरवर्षी वेलणकरांवर ठेवा म्हणून सुचवतात आणि दरवर्षी 'तणावमुक्त जीवन' ठरतं. पण काकांची भक्ती अनुभवाची आहे. शिरगाव नावाचं गाव एकटं आपलंच नाही. पालघरजवळ एक शिरगाव आहे, तिथे समुद्रकाठी किल्ला आहे. एक देवगड तालुक्यात, एक रत्नागिरीजवळ. मावळातल्या शिरगावाला साईबाबांचं मोठं मंदिर आहे आणि गोव्यातल्या शिरगावला लईराईची जत्रा भरते. पत्त्यात नुसतं 'शिरगाव' लिहिलेलं पुडकं यातल्या कुठल्याही देवाच्या दर्शनाला जाऊ शकतं. बी विंगमधल्या मुलीची लोकर एकदा अशीच तीर्थयात्रा करून आली. तेव्हापासून काकांनी लिफ्टमध्ये 421503 एवढाच आकडा मोठ्या अक्षरांत लावला आहे. नवीन रहिवाशांना तो लिफ्ट दुरुस्तीवाल्याचा फोन नंबर वाटतो.

त्यांच्याकडे एखादी बाई खोका घेऊन गेली की काय होतं ते बघण्यासारखं असतं. खोक्यात काय आहे हे काका कधीच विचारत नाहीत. नारळ निवडताना हलवून बघतात तसा ते खोका कानाशी धरून हलवतात. आत खळखळलं की खोका परत. मग मोजपट्टी बाहेर येते. गणपतीच्या आधी वहिनींच्या भावजयीने कागदी मखर बनवलं होतं आणि ते नागपूरला पाठवायचं होतं. वजन अवघं नऊशे ग्रॅम. वहिनी खुशीत. काकांनी लांबी, रुंदी, उंची घेतली: पंचेचाळीस, चाळीस, तीस. "गुणा. पाच हजारांनी भागा. किती आले?" वहिनींनी मोबाइलवर केलं. दहा पूर्णांक आठ. "कुरिअरवाला तुमच्याकडून अकरा किलोचे पैसे घेणार. त्याच्या गाडीत जागा अडते, वजन नाही. तुम्ही गणपतीचं मखर पाठवत नाही आहात वहिनी, तुम्ही नागपूरला हवा पाठवताय." मखर घडीचं करून पुन्हा बनवावं लागलं. पुढच्या वर्षीपासून भावजयीचा सगळा माल घडीचाच निघतो आणि 'घडीचं मखर' ही तिची खासियत म्हणून जाहिरातीत छापली जाते. काकांचं नाव त्यात कुठेही नाही.

मीही एकदा त्यांच्या तावडीत सापडलो. घरात जुने दिवाळी अंक साठले होते, बायकोने निर्वाणीचं सांगितलं होतं, म्हणून विकायला काढले. गिऱ्हाईक सांगलीचं. काकांना विचारलं, स्वस्तात स्वस्त कसं जाईल? "पुस्तकं असती तर प्रश्नच नव्हता. 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलो शंभर रुपयांत, कर वेगळा. पण अंकाला नाही. नियतकालिक चालत नाही आणि जाहिराती असलेलं चालत नाही." मी म्हटलं, "जाहिराती फाडून टाकल्या तर?" काकांनी एक अंक उचलून चाळला, शेवटपर्यंत चाळला आणि म्हणाले, "मग पाठवणार काय?"

पैसे घेण्याच्या बाबतीत काकांचं तत्त्व असं की पैसे आले म्हणजे बँकेच्या खात्यात दिसले. स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, चित्रकला आहे. गिऱ्हाइकाने 'सेंट' म्हणून पाठवलेला हिरवा टिकमार्क बघून कुणी पार्सल सोडू लागलं की काका पार्सलावर हात ठेवतात. यूपीआयवर मात्र त्यांचं मनापासून प्रेम आहे, कारण जानेवारी 2020 पासून दुकानदाराकडून त्याचं शुल्क घेत नाहीत. बाकी वाटांनी दोनेक टक्के जातात. "हजाराला वीस. वीस रुपयांत माझी टेप येते." त्यांच्या हिशेबात सगळ्या रकमा शेवटी चिकटपट्टीत मोजल्या जातात.

या शास्त्राची कसोटी सी विंगमधल्या ताईंच्या सोफ्यावर लागली. जुना सोफा एका ॲपवर टाकल्याबरोबर पाच मिनिटांत फोन. समोरचा म्हणे फौजेत, बदली होऊन अंबरनाथला आलेला, सोफा न बघताच घ्यायला तयार, घासाघीस नाही. ताई खूश. फक्त त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि आपला पिन टाकायचा, की पैसे जमा. ताई जिन्यात उभ्या राहून बोलत होत्या आणि काका दूध घेऊन वर येत होते. 'पिन' हा शब्द कानावर पडला की ते थांबतातच, मग तो टपालाचा असो की बँकेचा. त्यांनी फोन हातात घेतला. "नमस्कार. रेजिमेंट कुठली?" पलीकडे शांतता. "बरं, युनिटचा पिनकोड सांगा." फोन बंद. काका ताईंकडे वळले. "पैसे द्यायला पिन लागतो. घ्यायला लागत नाही. घरी पाहुणे येणार असतील तर किल्ली आपण त्यांच्या हातात देतो का?" हे वाक्य आता नोटीस बोर्डावर आहे, पाण्याच्या वेळापत्रकाच्या वर. एका माणसाने दुसऱ्या माणसाकडून यूपीआयने पैसे मागवायची जी 'रिक्वेस्ट' असायची, ती 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली. ती बातमी काकांनी कापून त्या वाक्याखाली चिकटवली, चारही बाजूंनी टेप लावून.

कॅश ऑन डिलिव्हरीवर मात्र त्यांचं आणि जगाचं जमत नाही. तरुण मंडळींना वाटतं ही कुठल्या तरी ॲपने काढलेली युक्ती. काका त्यांना बसवून सांगतात की ही तर आपल्या आज्यांची व्ही.पी. मासिकात जाहिरात यायची, पोस्टकार्ड टाकलं की पुस्तक व्ही.पी.ने दारात, पोस्टमनला पैसे द्यायचे आणि सोडवून घ्यायचं, मागाहून विकणाऱ्याला मनिऑर्डर. ही सोय 1877 सालापासूनची. "आणि व्ही.पी. परत यायचीही तेव्हापासूनच," असं ते पुढे म्हणतात आणि एकदम थकल्यासारखे दिसतात. कारण नथवालीची दीडशे रुपयांची नथ त्यांच्या डोळ्यांसमोर बिहारला जाऊन परत आली आहे. मागवणाऱ्याने दार उघडलं नाही. जायचं भाडं नथवालीचं, यायचंही नथवालीचं, आणि परत आलेला खोका इतका चेपलेला की नथ नाकात घालण्याआधी सरळ करावी लागली. पत्ता होता: 'हनुमानजी के मंदिर से आगे, किसी से भी पूछ लेना.'

म्हणून आता सीओडीची ऑर्डर आली की पार्सल बांधण्याआधी काका स्वतः गिऱ्हाइकाला फोन करतात. "ताई, आपण नथ मागवलीत का? नक्की? घरी कोण असतं? दुपारी झोपता का? सुटे आहेत का?" हे संभाषण पाऊण तास चालू शकतं. बरीच गिऱ्हाइकं मधेच म्हणतात, काका, मी आत्ताच पैसे पाठवते. काकांच्या मते ती समजावण्याची ताकद आहे. मी बघितलं आहे, ती सुटकेची किंमत आहे. पण परत येणारी पार्सलं कमी झाली हे खरं.

जीएसटीवरचं त्यांचं प्रवचन तर सोसायटीत दोन वेळा झालं आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवायही मोठ्या ऑनलाइन बाजारांवर माल विकता येतो, पोर्टलवरून नावनोंदणीचा एक क्रमांक घेतला की झालं. पण आपल्या राज्यातल्या राज्यातच. काकांनी नकाशा उघडून दाखवलं: शिरगावातून गडचिरोलीला कुर्ती खुशाल जाऊ द्या, बेळगावला नाही. वहिनींचं माहेर बेळगावचं. त्या उसळल्या, "बेळगाव आपलंच आहे!" काका म्हणाले, "मला मान्य आहे वहिनी, पोर्टलला नाही. सीमाप्रश्न सुटेपर्यंत जीएसटी नंबर काढा."

2025 च्या दिवाळीआधी तर त्यांचा कस लागला. इथल्या अर्ध्या घरांची मुलं अमेरिकेत आणि चिवड्याचे डबे दरवर्षी टपालाने जायचे. त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने छोट्या पार्सलांवरची करमाफी काढून टाकली आणि 25 ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आली असताना. मधल्या दिवसांत काका सकाळ-संध्याकाळ बातम्या ऐकत होते. सोसायटीतल्या आयांना ते ट्रम्पसाहेबांपेक्षा जास्त जबाबदार वाटत होते. "काका, चकली तळू की थांबू?" असं विचारायला लोक दारात येत. काका म्हणत, "भाजणी करून ठेवा. तळू नका."

पावसाळा हा त्यांचा शत्रू. उल्हास नदी कशी चढते हे बदलापूरकरांनी 2005 च्या 26 जुलैला पाहिलं आहे. 2019 च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, सगळं गाव टीव्हीसमोर. शेवटचा प्रवासी सुखरूप बाहेर आल्यावर सगळ्यांनी निःश्वास टाकला. काकांनी विचारलं, "टपालाच्या बॅगा होत्या का हो तिच्यात?" तेव्हापासून त्यांचं प्रत्येक पुडकं प्लास्टिकच्या तीन थरांत जातं, जानेवारीतसुद्धा.

खोका विकत घेणं त्यांना मान्य नाही. मेडिकलवाल्याकडून रिकामे खोके येतात. त्यामुळे पैठणीच्या काठाच्या पर्सा मधुमेहाच्या पट्ट्यांच्या खोक्यातून जातात आणि एकदा लग्नाची मुंडावळ प्रौढांच्या डायपरच्या खोक्यातून साताऱ्याला पोचली. नवरदेवाच्या काकांनी फोन करून चौकशी केली. आमच्या काकांनी उलट विचारलं, "आतलं कोरडं पोचलं ना?"

2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. नोंदणी आता पाच रुपये जास्तीचे आणि त्यावरचा कर देऊन मिळते. विलीनीकरणाआधी काका पोस्टात जाऊन स्वतःलाच एक रजिस्टर पत्र टाकून आले. ते आलं, त्यांनी सही करून घेतलं, आणि उघडलं नाही. ते आता संग्रहात आहे, विकायला नाही.

आता स्पष्टच सांगायचं तर विक्रेता म्हणून काका नापास आहेत. वस्तूची किंमत हा विषयच त्यांना नीरस वाटतो. मला वाटतं, त्यांच्याकडची काही पाकिटं जाणत्या माणसाने दुप्पट भावाने सहज विकली असती. काका भाव पटकन पाडतात, म्हणजे बांधायला घेता येतं. चाळीस रुपयांचं तिकीट गुंडाळायला त्यांना दोन तास लागतात. टपालात वाचवलेले बारा रुपये आणि टेपवर घातलेले वीस यांचा ताळा काकूंनी एकदाच मांडून दाखवला होता. काकांनी तो कागद बघितला आणि वजन केलं. चार ग्रॅम. पण त्यांच्या जिवावर आमच्या चार इमारतींत सहा-सात बायकांचा धंदा नीट चालू आहे, कुणाचे पैसे बुडालेले नाहीत, आणि त्यांनी कुणाकडून चहापलीकडे काही घेतलेलं नाही. सल्ला देणारे शिरगावात खंडीभर आहेत. पार्सल घेऊन तुमच्याबरोबर रांगेत उभा राहणारा हा एकच.

तुम्हीही घरून काही विकायला काढणार असाल तर दुपारी तीनच्या आत या, पोस्टाची वेळ टळायला नको. वस्तू, खोका आणि पूर्ण पत्ता बरोबर आणा. पिनकोड नसेल तर आधी शोधा, मग या.